काच तपासणाऱ्या गायकवाड मॅडम

उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या लच्छूभाईंच्या दुकानात एका दुपारी मी उभी होते. काउंटरपुढे खुर्ची ओढून गायकवाड मॅडम बसल्या होत्या. समोर स्टुलावर काचेचं नवंकोरं कॅबिनेट, आतले पंखे चालू, आणि मॅडमच्या हातात पेटलेली अगरबत्ती. ती त्या कॅबिनेटच्या तोंडासमोर खालून वर, मग वरून खाली अशी सावकाश फिरवत होत्या. पेनड्राइव्ह घ्यायला आलेल्या एका बाईंनी ते पाहिलं, चपला बाहेर काढल्या, हात जोडले आणि मला हळूच विचारलं, "नवीन दुकान आहे का? प्रसाद कधी देतात?"

मी हसू दाबलं. मॅडमनी मान न वळवता उत्तर दिलं.

"पूजा नाही ताई, तपासणी आहे. चपला घाला, खाली स्क्रू पडलेत."

शकुंतला गायकवाड. अंबरनाथ पश्चिमेला आमच्या बिल्डिंगमध्ये, आमच्याच मजल्यावर समोरच्या दारात राहायच्या. लग्न केलेलं नव्हतं. एमआयडीसीतल्या एका पंपांच्या कारखान्यात त्यांनी तेहतीस वर्षं इन्स्पेक्शन खात्यात काढली. आलेला माल मोजायचा, घासून बघायचा, कानाशी धरून ऐकायचा आणि कागदावर पास किंवा नापास लिहायचं, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर कारखाना सुटला, पण तपासणी काही सुटली नाही. वडापाव खाल्ला तरी त्या दोन घास थांबायच्या आणि म्हणायच्या, "चटणी पास. वडा सशर्त पास, तेल बदलायला पाहिजे." बिल्डिंगमध्ये एका मुलीला स्थळ आलं, मुलाचा फोटो मजल्यामजल्यावर फिरला. सगळ्या बायका "छान आहे, छान आहे" करत होत्या. मॅडमनी फोटो हातभर लांब धरून पाहिला आणि परत दिला.

"दिसतोय छान. वागतो कसा?"

हे त्यांचं पेटंट वाक्य. माणूस असो, मिक्सर असो की नवा रस्ता असो.

कॉम्प्युटरच्या नादाला त्या साठीला लागल्या, तेही चिडून. रिटायरमेंटनंतर घरी एक कॉम्प्युटर घेतला, तो तासाभरात बंद पडायचा. दुकानदार म्हणायचा, सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम आहे. तीनदा गाडीखर्च करून झाल्यावर मॅडमनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि स्वतःच डबा उघडला. आत बघतात तर मागचा पंखा उलटा बसवलेला. आतली गरम हवा बाहेर टाकायच्या ऐवजी बाहेरचीच हवा आत ढकलत होता. त्यांनी तो सुलटा केला. कॉम्प्युटर सुधारला. "तेहतीस वर्षं पंप बघितले मी," त्या सांगायच्या, "आणि हा मला सॉफ्टवेअर शिकवतो!" त्या दिवसापासून ओळखीच्या माणसाला कॉम्प्युटर जोडून घ्यायचा असला की मॅडम बरोबर जायच्या. एकेक भाग निवडायचा, घरी आणून जोडायचा, चालू करून द्यायचा. बदल्यात चहा. चहासुद्धा तपासून.

बाकीचे भाग त्या कागद वाचून निवडायच्या, पण कॅबिनेट मात्र हातात घेतल्याशिवाय नाही. कॅबिनेट म्हणजे ज्यात हे सगळं बसतं तो डबा. हल्ली त्याला काचा असतात, आत रंगीत दिवे लागतात, पोरं त्यावर जीव टाकतात. मॅडमच्या कापडी पिशवीत टॉर्च, सहा इंची पोलादी पट्टी, काडेपेटी, मऊ फडका आणि एक शंभर पानी वही असायची. आधी बोटाच्या पेराने पत्रा दाबून बघायच्या, वाकतो का. मग कडेवरून बोट फिरवायच्या, हाताला लागते का. काच काढून परत लावायच्या, तीनदा. शेवटी अगरबत्ती. धूर पुढून आत ओढला गेला आणि मागून बाहेर पडला की मॅडमचा चेहरा उजळायचा. घरात बुद्धाच्या मूर्तीपुढे वंदनेला लावायची अगरबत्ती आणि ही अगरबत्ती एकाच पुड्यातली. मी एकदा चिडवलं, तर म्हणाल्या, "दोन्हीकडे नीट बघायलाच लावते ना मी?"

तर त्या दुपारी स्टुलावर जे कॅबिनेट होतं, ते मला घ्यायचं होतं. मी घरून लग्नाचे अल्बम आणि व्हिडिओ करते. जुना कॉम्प्युटर दमला होता. लच्छूभाईंनी ते कॅबिनेट दाखवलं आणि मी घायाळ झाले. समोरही काच, बाजूलाही काच, धुरकट रंगाची, आत मोरपिशी दिवे. फोटो निवडायला माणसं माझ्या घरी येतात, त्यांच्यावर छाप पडली पाहिजे, असं मी मॅडमना सांगितलं. खरं कारण वेगळंच होतं. माझ्या त्या दीड खोलीच्या घरात, इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगाशेजारी, एक तरी देखणी वस्तू असावी असं मला वाटत होतं.

मॅडमनी अगरबत्ती पुढच्या काचेशी धरली. धूर आत जायलाच तयार नाही. काचेला चिकटून वर गेला आणि लच्छूभाईंच्या ट्यूबलाइटभोवती घोटाळत राहिला. मॅडमनी काच आणि डब्याची कड यांच्यातल्या फटीत पट्टी घालून बघितली.

"तीन मिलिमीटर. एवढ्याशा फटीतून तीन पंख्यांनी श्वास घ्यायचा? दिसतंय छान. नापास."

लच्छूभाईंचा चेहरा पडला. वास्तविक त्यांचा मॅडमवर जीव होता. ते त्यांना अदी म्हणायचे, म्हणजे सिंधीत मोठी बहीण. पण ह्या कॅबिनेटचा अख्खा लॉट त्यांनी भरून ठेवला होता, दुकानाच्या माळ्यापर्यंत खोकी.

"अदी, मेरे ही दुकान में बैठके मेरे ही माल को नापास?" ते म्हणाले. "गिऱ्हाईक खडा है सामने."

"गिऱ्हाईक आहे म्हणूनच."

"तो फिर उद्यापासून अगरबत्ती घरी लावा अदी. इधर नको."

मॅडमनी अगरबत्ती विझवली, उरलेली काडी पुड्यात ठेवली, वही पिशवीत टाकली. मी काय करावं? मला लाज वाटत होती, मॅडमची बाजू घ्यायला हवी होती. पण त्या मोरपिशी दिव्यांवरून माझी नजर हटेना.

"मॅडम, मी हेच घेते," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं. मग वही परत काढली, 'नापास'च्या खाली एक रेघ ओढली आणि पेन माझ्यापुढे धरलं. "तुझं घर, तुझी काच. सांगूनही घेतलं म्हणून सही कर." मी सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच मॅडम माझ्याकडे आल्या आणि चार तास बसून तो कॉम्प्युटर इतक्या निगुतीने जोडून दिला, की आतली एक वायर समोरून दिसेल तर शपथ. लच्छूभाईंच्या दुकानात मात्र त्या पुन्हा गेल्या नाहीत. कॅम्पात काही लागलं तर पलीकडच्या गल्लीतून आणायच्या. विषय काढला की म्हणायच्या, "त्याचं दुकान, त्याचा नियम."

मॅडम स्वतः कधी चुकायच्याच नाहीत, असं मला वाटायचं. ते बदललं बदलापूरला.

तिथल्या शिरगावात बाळाराम म्हात्रे म्हणून एक गृहस्थ आहेत. तिथले जुने रहिवासी, अजून थोडी भातशेती राखून आहेत. त्यांची मुलगी अंकिता आर्किटेक्चर शिकत होती, तिच्यासाठी कॉम्प्युटर जोडायचा होता. मॅडमबरोबर मीही गेले. नवं घर, आरशासारखी चकचकीत फरशी, आणि बघायला दहा-बारा नातेवाईक ओळीने बसलेले, जणू साखरपुडा आहे.

"मॅडम, काच मोठी पायजे हां," म्हात्रे म्हणाले. "घरान कोन आला तं पोरीचा कामपुटर त्याला दिसला पायजे."

"दिसेल हो. आधी वागू दे."

खिडकीसमोर नवीन टॉवरचं काम चाललेलं, सगळीकडे सिमेंटची धूळ. मॅडमनी येतानाच बारीक जाळीचं, बाजूला एकच काच असलेलं कॅबिनेट आणवलं होतं. ते पास झालेलं. सगळं मजेत चाललं होतं. प्रत्येक भाग आत बसवताना त्या अंकिताला समजावत होत्या आणि मागे ओळीतले काका-मामाही माना डोलवत होते. मॅडमना प्रेक्षक चढले असावेत. त्यांनी बाजूची काच काढली आणि बोलता बोलता ती फरशीवर उभी टेकवली.

फाट् असा आवाज झाला. काच नव्हतीच. फरशीभर नुसता चुरा, खडीसाखर सांडल्यासारखा.

मॅडमच्या हातात हवा होती आणि त्या तशाच वाकून उभ्या होत्या. मी पहिल्यांदा त्यांचे कान लाल झालेले पाहिले.

म्हात्रेंनीच सांभाळून घेतलं. "फुटली तं फुटली! कोनाची नजर व्हती ती गेली. काय रे?" सगळे "हो हो" म्हणाले. म्हात्रेवहिनी झाडू घेऊन आल्या. कुणीतरी म्हणालं, काचच खराब असेल.

"काच खराब नव्हती," मॅडम म्हणाल्या. आवाज अगदी सरळ होता. "ही काच मधून मारली तर फुटत नाही. पण कोपरा फरशीला लागला की संपली. खाली चादर अंथरायची असते. मला माहीत होतं. बोलायच्या नादात अंथरली नाही." मग त्यांनी पिशवीतली वही काढून अंकितापुढे धरली. "लिही. शकुंतला गायकवाड, नापास. कारण, चादर नाही."

अंकिता बिचारी बापाकडे बघायला लागली. "मॅडम, असं कसं लिहू?"

"जसं इतरांचं मी लिहिते तसं. अक्षर नीट काढ."

तिने लिहिलं. मॅडमनी खाली सही केली आणि मग आधी कोण हसलं माहीत नाही, पण सगळं घर हसायला लागलं, मॅडमसुद्धा. चार दिवसांनी त्या नवी काच घेऊन परत शिरगावला गेल्या. सोबत घडी घातलेली निळी चादर होती. म्हात्रेंनी त्यांना येताना वालाच्या शेंगांची भलीमोठी पिशवी दिली. ती बिल्डिंगभर वाटली गेली.

आणि मग मे महिना आला.

लग्नसराई जोरात होती. कल्याणच्या एका लग्नाचं काम माझ्याकडे होतं. नवरीचे वडील लग्नाच्या दोन दिवस आधी हॉस्पिटलात दाखल झालेले, त्यांना मुलीचं लग्न बघताच आलं नव्हतं. आता त्यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं, गुरुवारी. नवरीचा भाऊ मला म्हणाला, "ताई, बुधवारी संध्याकाळी भेटायची वेळ आहे. त्याआधी पप्पांना लग्न दाखवायचंय. पुढचं काय माहीत नाही ना." मी शब्द दिला. मंगळवारपर्यंत फिल्म जुळवून झाली. बुधवारी सकाळी शेवटची फाईल बनवायला लावली आणि अर्ध्यावर कॉम्प्युटर धप्पकन बंद. थांबले, पुन्हा लावली. पुन्हा बंद. काचेला हात लावला तर तवा. आत मोरपिशी दिवे मात्र झकास लागत होते.

अकरा वाजले होते. समोरच्या दारापर्यंत चार पावलं होती, पण मला ती टाकवेनात. त्या वहीत माझी सही होती. शेवटी नवरीच्या भावाचा "झालं का ताई?" असा मेसेज आला आणि मी बेल वाजवली.

मॅडम भाकरी थापत होत्या. मी काय झालं ते भराभरा सांगितलं. शेवटी म्हणाले, "तुम्ही सांगितलं होतं."

"ते नंतर," त्या म्हणाल्या. गॅस बंद केला, हात धुतले आणि निळी चादर काखेत मारून आल्या. पुढच्या काचेचे चारही स्क्रू काढले, काच चादरीत गुंडाळून माझ्या पलंगावर आडवी ठेवली, बाळाला निजवावं तशी. बाजूचीही काढली. माझा टेबलफॅन उचलून कॉम्प्युटरच्या तोंडाशी आणून ठेवला. "आता लाव."

मी लावली. आम्ही दोघी त्या उघड्या डब्यासमोर बसलो, घामाने निथळत, कारण टेबलफॅन त्याला दिलेला आणि छताचा मॅडमनी धूळ नको म्हणून बंद करवला. चाळीस टक्के झाले. इथेच तो बंद पडायचा. मॅडम पुढे वाकून आवाज ऐकत होत्या, कारखान्यात पंप ऐकत असतील तशा. साठ. ऐंशी. मधेच त्या उठल्या, उरलेली भाकरी भाजून घेऊन आल्या आणि ठेच्याबरोबर आम्ही ती तिथेच खाल्ली. तीनला दहा मिनिटं कमी असताना फाईल पूर्ण झाली.

सात वाजता नवरीच्या भावाचा फोन आला. मी स्पीकर लावला. तो म्हणाला, पप्पांनी दोनदा बघितली. कन्यादानाला काका उभे होते ना, तिथे थांबवायला लावलं आणि म्हणाले, ह्याला कोट कुणी घालायला दिला, बाह्या किती लांब आहेत बघ. "हसले हो ताई. दहा दिवसांनी हसले." मॅडम हे ऐकून उठल्या. माझ्या ओट्याजवळ जाऊन उगाच दोन ग्लास पाणी प्यायल्या. ऑपरेशनही नीट पार पडलं, हे त्यांनीच शुक्रवारी मला फोन करायला लावून विचारून घेतलं.

त्या बुधवारी रात्रीच मी म्हटलं, "मॅडम, ती पुढची काच भंगारात देते."

"का म्हणून? दिसते छान." त्या पलंगावरची काच निरखत होत्या. "वागत नाही, तर वागायला शिकवू."

दुसऱ्या दिवशी मला घेऊन त्या कॅम्पातल्या एका लेथवाल्याकडे गेल्या. खडूने त्याच्या बाकावर आकृती काढली. काचेच्या चार कोपऱ्यांत, काच आणि पत्रा यांच्यामध्ये बसतील असे चार छोटे बुश, म्हणजे नळीचे तुकडे, हवे होते. अॅल्युमिनियमचे, बारा मिलिमीटर लांब, मधून भोक. म्हणजे काच तेवढी पुढे सरकेल आणि हवेला वाट मिळेल. लेथवाला म्हणाला, "एवढंच?" मॅडम म्हणाल्या, "एवढंच, पण चारही सारखे. केसभर फरक नको." पहिले चार त्यांनी परत केले. दुसरे चार पास. घरी येऊन लांब स्क्रूंनी काच बसवली, अगरबत्ती धरली. धूर एकदा डगमगला आणि सरळ आत ओढला गेला, मागून पातळ होऊन बाहेर आला. मॅडमनी टाळी वाजवली. खरोखर, लहान मुलीसारखी टाळी. वहीत लिहिलं, सशर्त पास. अट, दर रविवारी पंख्यांपुढची जाळी धुणे.

तेवढ्यावर त्यांनी थांबायला हरकत नव्हती. पण त्या लेथवाल्याकडून आणखी एक मूठभर बुश करून घेतले आणि एका सकाळी मला म्हणाल्या, "चल, लच्छूकडे." मी म्हटलं, त्यांनी तुम्हाला येऊ नका म्हटलंय ना? "अगरबत्ती आणू नको म्हणाला. मी बुश नेतेय."

लच्छूभाईंनी आम्हाला पाहिलं आणि बिलबुकात डोकं घातलं. त्यांची दोन कॅबिनेटं गरम होतात म्हणून परत आली होती, ती कोपऱ्यात उभी होती. मॅडम खाली बसल्या, चादर अंथरली, काच काढली, बुश घातले, काच लावली, पंखे चालू केले. मग नुसत्या बसून राहिल्या. लच्छूभाई कितीतरी वेळ बघत होते. शेवटी ते उठले, गल्ल्यावरच्या झुलेलालच्या फोटोपुढची अगरबत्ती स्वतःच्या हाताने काढून आणली आणि काचेसमोर धरली.

धूर आत गेला.

"छा गाल आहे, अदी!" ते ओरडले. म्हणजे काय बात आहे! डोळे मात्र धुराने असावेत, ओले दिसत होते. "मी तुम्हाला इधर नको बोललो ना?"

"बोललास."

"तरी आला तुम्ही."

"माल तुझा होता, पण नापास मी केला होता. तसाच सोडून कशी बसू?"

पुढच्या आठवड्यात त्या सगळ्या कॅबिनेटांवर बुश बसले आणि लच्छूभाईंनी हौसेने स्टिकर छापून लावले, 'गायकवाड मॅडम पास'. मॅडम संतापल्या. "सशर्त कुठाय? सशर्त लिही!" लच्छूभाई पेन घेऊन एकेका स्टिकरवर 'सशर्त' लिहीत बसले. रफार त्यांचे कायम चुकायचे, इथे मात्र एकही चूक झाली नाही, कारण मॅडम बाजूलाच उभ्या होत्या.

गेल्या वर्षी डिसेंबरात मॅडम अंबरनाथ सोडून गेल्या. नागपूरला त्यांची थोरली बहीण एकटी होती, तिचे गुडघे दुखायचे. "ताईला सोबत पाहिजे," एवढंच त्या म्हणाल्या. न्यायला ती ताई स्वतःच आली. बुटकी, खणखणीत आवाजाची, काठी टेकत. अख्खी बिल्डिंग निरोपाला खाली उतरली होती. लच्छूभाई मिठाईचा डबा घेऊन कॅम्पातून आले होते. मॅडम सामान मोजत होत्या, टेम्पोवाल्याला दोरी कशी बांधायची ते सांगत होत्या, नेहमीसारख्याच ताठ.

तेवढ्यात रिक्षाजवळून ताईंनी हाक मारली, "शके! काहून उभी आहेस तिथं? स्वेटर घातलास का?"

इतकी वर्षं शेजारी राहून त्यांना कुणी शकी म्हणतं हे मला माहीत नव्हतं. आम्हाला तर नुसती शाल पुरत होती अशी हवा होती.

"ताई, इथे काय थंडी आहे?"

"गाडीत लागते. घाल मुकाट्यानं."

आणि मॅडमनी घातला. सगळ्यांदेखत, राखाडी रंगाचा, घरी विणलेला स्वेटर. एक बाही उलटी झाली होती. ताईंनी काठी रिक्षाला टेकवली, ती बाही ओढून सरळ केली आणि खालपासून वरपर्यंत एकेक बटण लावायला सुरुवात केली. मॅडम हनुवटी वर करून उभ्या होत्या. शेवटचं बटण लावताना ताई काहीतरी पुटपुटल्या आणि मॅडमना एवढं हसू आलं, की रिक्षात बसताना त्यांनी ताईंच्या खांद्याचा आधार घेतला. रिक्षा निघाली तेव्हाही दोघी हसतच होत्या. आम्ही सगळे हात हलवत होतो. मॅडमनी काही मागे वळून पाहिलं नाही. त्यांना त्या वेळी आमची आठवणच नव्हती.